निवांत सायकलीला इंग्लंडने वाट द्यावी

दक्षिण इंग्लंडच्या ग्रामीण भागातून सायकलवर रमतगमत फिरण्यासारखी सोपी आणि सर्वांना झेपणारी सहल क्वचितच सापडेल. तिथे उरात धडकी भरवणारे चढ फारसे नाहीत. खडूसारख्या पांढऱ्या दगडाच्या लांबट टेकड्या, त्यांच्या पायथ्याची गावे, चर्चचे चौकोनी मनोरे, शेतांच्या कडेची जुनी कुंपणझुडपे आणि मधूनमधून बीच, ओक आणि हेझलची राने असा तो मुलूख आहे. दिवसाला तीस-चाळीस किलोमीटर अंतर कापावे, वाटेत एखाद्या पबमध्ये किंवा गावच्या सभागृहातल्या चहाच्या टेबलाशी टेकावे आणि संध्याकाळी स्टेशन गाठावे, एवढ्यासाठी कसलेला खेळाडू असण्याची गरज नाही. असे असूनही ही सहल आखायला बसले की पहिली अडचण चढ-उताराची किंवा पावसाची येत नाही, ती कायद्याची येते. कोणत्या वाटेवर सायकलला हक्क आहे आणि कोणत्या वाटेवर नाही, हे इंग्लंडमध्ये वाटेकडे पाहून कळत नाही. ते सत्तर वर्षांपूर्वीच्या एका नोंदीवर अवलंबून असते. ही व्यवस्था बदलावी आणि सावकाश जाणाऱ्या सायकलस्वाराला, जिथे वाट भौतिकदृष्ट्या योग्य आहे तिथे, कायदेशीर हक्क मिळावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

या प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी रिजवे ही एकच वाट पुरेशी आहे. ॲव्हबरीच्या प्राचीन शिलावर्तुळाजवळच्या ओव्हर्टन हिलपासून आयव्हिंगहो बीकनच्या टेकडीपर्यंत सुमारे १३९ किलोमीटर धावणारी ही राष्ट्रीय पदभ्रमण वाट इंग्लंडमधील सर्वांत जुन्या वाटांपैकी मानली जाते. तिच्या पश्चिमेकडच्या भागावर, म्हणजे टेम्स नदीकाठच्या स्ट्रीटली गावापर्यंत, सायकल नेण्याचा हक्क आहे. टेकडीच्या माथ्यावरून जाणारी ही रुंद, पांढुरकी वाट उफिंग्टनच्या पांढऱ्या घोड्याच्या प्रचंड आकृतीजवळून जाते, डाव्या हाताला दूरवर सखल खोरे दिसत राहते आणि तासन्‌तास मोटारीचा आवाज कानी येत नाही. नदी ओलांडून पलीकडच्या गोरिंगमधून थोडे पुढे गेले की चित्र पालटते. वाट तीच, नाव तेच, मार्गदर्शक खांबावर कोरलेले ओकच्या फळाचे चिन्हही तेच. बदलतो तो फक्त बाणाचा रंग. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे, अर्थात पादचारी, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांची वाट. पिवळा बाण म्हणजे केवळ पादचाऱ्यांची. पुढे चिल्टर्न टेकड्यांच्या भागात ही वाट कुठे सायकलला खुली, कुठे बंद, पुन्हा खुली, पुन्हा बंद अशी तुकड्यातुकड्यांनी जाते. जिथे ती बंद आहे तिथे उतरून सायकल ढकलत न्यावी की नाही, यावरही कायदेपंडितांत एकमत नाही. प्रवाशाला मग नकाशा उलगडून जवळच्या मोटाररस्त्यावर वळसा घ्यावा लागतो.

बाणाचा हा रंग ठरला कसा, याची हकिकत विचार करण्याजोगी आहे. १९४९ साली ब्रिटिश संसदेने राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा केला. गिरण्या-कारखान्यांतल्या कामगारांनी माळरानांवर फिरण्याच्या हक्कासाठी दिलेल्या दीर्घ लढ्याचे ते फळ होते. १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर सामूहिक प्रवेश करून त्यांतल्या काही तरुणांनी तुरुंगवासही पत्करला होता. या कायद्याने काउंटी कौन्सिलांवर, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या संस्थांवर, आपापल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा तयार करण्याची जबाबदारी टाकली. प्रत्यक्ष पाहणीचे काम बहुतेक ठिकाणी गावपातळीवरच्या पॅरिश कौन्सिलांकडे गेले. कुठे हौशी, जाणत्या माणसांनी वाट न्‌ वाट पायाखाली घालून आणि जुने दस्तऐवज तपासून नोंद केली, तर कुठे घाईघाईत, आठवेल तसे लिहून दिले. एका गावाने जी वाट घोडेवाट म्हणून नोंदवली, तीच वाट शेजारच्या गावाने पायवाट म्हणून नोंदवली. परिणामी आजही अशा कित्येक वाटा आहेत ज्यांचा दर्जा ऐन शेताच्या मध्यात, गावाच्या शिवेवर बदलतो, जिथे जमीन, रुंदी, चिखल यांपैकी काहीही बदललेले नसते. त्या काळच्या पाहणी करणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या कामामुळेच हजारो वाटा नांगराखाली जाण्यापासून वाचल्या. परंतु ज्या नोंदीचा हेतू वाट जिवंत ठेवणे हा होता, तीच नोंद आज वाटेवर कोणी यावे हे ठरवणारा शेवटचा शब्द होऊन बसली आहे, आणि ते तिचे काम कधीच नव्हते.

त्या वेळी सायकलस्वारांनी आवाज का उठवला नाही, असा प्रश्न इथे कोणीही विचारील. याचे उत्तर त्या काळच्या रस्त्यांत आहे. सायकल पर्यटनाची परंपरा इंग्लंडमध्ये फार जुनी आहे. १८७८ साली हॅरोगेट इथे सायकल पर्यटकांचा पहिला राष्ट्रीय क्लब स्थापन झाला. पुढे तो सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब या नावाने प्रसिद्ध झाला आणि आज सायकलिंग यूके म्हणून काम करतो. १८८५ साली कॉव्हेंट्रीत जॉन केम्प स्टार्ली यांनी सारख्या आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी रोव्हर सायकल बनवली, तीन वर्षांनी डनलॉप यांचा हवा भरलेला टायर आला आणि सायकल सुखवस्तू तरुणांच्या हातून शिक्षिका, कारकून, कामगार यांच्या हाती गेली. १८९४ मध्ये बर्मिंगहॅममध्ये सुरू झालेल्या क्लॅरियन सायकलिंग क्लबचे समाजवादी कामगार रविवारी शहराच्या धुरातून निघून खेड्यापाड्यांत जात आणि आपल्या विचारांची पत्रकेही वाटत. या साऱ्यांना पायवाटांची गरजच नव्हती, कारण गावागावांना जोडणारे अरुंद रस्ते जवळजवळ त्यांचेच होते. १९४९ साली, म्हणजे नेमक्या त्या कायद्याच्या वर्षी, ब्रिटनच्या रस्त्यांवर कापल्या गेलेल्या एकूण अंतरापैकी सुमारे एक-तृतीयांश अंतर सायकलींनी कापलेले होते. ज्याच्या हाती रस्ता आहे, तो पायवाट कशाला मागेल?

पुढच्या पंचवीस वर्षांत तो रस्ता हातून गेला. यात कोणी सायकलस्वारांविरुद्ध कट केला नव्हता. मोटारी वाढल्या, त्यांचा वेग वाढला आणि ग्रामीण रस्त्यांची रुंदी होती तेवढीच राहिली. इंग्लंडमधील जुना ग्रामीण रस्ता जवळून पाहिला म्हणजे हे ध्यानात येते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीची कुंपणझुडपे, काही ठिकाणी शतकानुशतकांच्या चाकांनी आणि पावसाच्या पाण्याने रस्ता इतका खोल गेलेला की मुळ्या डोक्याच्या वर दिसतात, एक मोटार जेमतेम मावेल एवढी रुंदी, समोरून दुसरी आली तर सरकून उभे राहण्यासाठी अधूनमधून ठेवलेला कोपरा, आणि वीस-पंचवीस मीटरवर आंधळे वळण. अशा रस्त्यावर वेगळी पाटी नसेल तर कायद्याने मान्य असलेली कमाल मर्यादा ताशी ६० मैल, म्हणजे जवळपास ९७ किलोमीटर आहे. प्रत्येक चालक तेवढ्या वेगाने जात नाही हे खरे. पण वळणापलीकडून येणारा चालक जाईल की नाही, हे सायकलवरच्या माणसाला कळण्याचा काहीच मार्ग नसतो. ब्रिटनमधील रस्ते अपघातांतील निम्म्याहून अधिक मृत्यू ग्रामीण रस्त्यांवर होतात. शेजारच्या आयर्लंडने फेब्रुवारी २०२५ मध्ये अशा स्थानिक ग्रामीण रस्त्यांची सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० वरून ६० किलोमीटरवर आणली. इंग्लंडमध्ये २००० सालच्या वाहतूक कायद्याने काही रस्त्यांना ‘शांत रस्ता’ असा दर्जा देण्याची सोय केली, परंतु त्या दर्जाबरोबर वेगमर्यादा आपोआप खाली येत नाही, त्यामुळे पाटी लागते आणि धोका जागच्या जागी राहतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन अशा रस्त्यावर जीव मुठीत धरून सायकल चालवा, असे कोणाला सांगायचे धैर्य मला होणार नाही.

गमावलेल्या रस्त्यांच्या बदल्यात सायकलस्वारांच्या पदरी काय पडले? १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने त्यांना ब्रायडलवेवर जाण्याचा हक्क दिला. पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यावी अशी अट त्यात आहे आणि ती सर्वस्वी योग्य आहे. परंतु सायकलींच्या सोयीसाठी काही करण्याचे बंधन कोणावरही नाही, असेही त्याच कलमात लिहिले आहे. म्हणजे हक्क आहे, पण घोड्यांच्या टापांनी झालेल्या गुडघाभर चिखलातून तो बजावायचा आहे. शिवाय या वाटांचे जाळे तुटक आहे. इंग्लंडमधील सार्वजनिक वाटांची एकूण लांबी एक लाख ऐंशी हजार किलोमीटरांहून जास्त आहे, आणि त्यांपैकी सायकलला कायदेशीर हक्काने खुला असलेला हिस्सा सुमारे २२ टक्के आहे. बाकीच्या पायवाटांवर सायकल चालवणे सहसा गुन्हा ठरत नाही, तो जमीनमालकाविरुद्धचा दिवाणी अपराध ठरतो. पण निवांत फिरायला निघालेल्या सरळमार्गी माणसाला, विशेषतः घोळक्यातल्या वडीलधाऱ्यांना, आपण कुणाच्या हद्दीत घुसलो आहोत ही जाणीव पुरेशी बोचते.

दुसरी भरपाई राष्ट्रीय सायकल जाळ्याच्या रूपाने आली आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर आहे. तोट्यातले रेल्वेमार्ग बंद करण्याची शिफारस करणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर बंद पडलेल्या मार्गांपैकी एकावर, ब्रिस्टल आणि बाथ यांच्या दरम्यान, स्वयंसेवकांनी फावडी हाती घेऊन १९७९ ते १९८६ या काळात सुमारे २१ किलोमीटरांची सायकलवाट घडवली. ज्या संस्थेने हे काम केले ती सस्ट्रान्स या नावाने वाढली आणि लॉटरीच्या निधीच्या आधाराने तिने २००० साली देशभरच्या जाळ्याचा पहिला मोठा टप्पा खुला केला. जुन्या रेल्वेच्या वाटेइतकी सुखद वाट सायकलला दुसरी नाही, कारण इंजिनाला चढ सोसत नसे म्हणून अभियंत्यांनी तो आधीच मोडून ठेवलेला असतो. टेम आणि प्रिन्सेस रिझबरो या गावांमधली फिनिक्स ट्रेल किंवा कॉर्नवॉलमधील कॅमल ट्रेल यांवर आजी-आजोबा आणि नातवंडे एकत्र जाताना दिसतात. परंतु बंद पडलेले रेल्वेमार्ग मोजकेच आहेत, त्यांच्या मधले दुवे मोटाररस्त्यांवरूनच जोडावे लागले, आणि २०२० साली संस्थेनेच अशा रस्त्यांवरचा, एकूण जाळ्याच्या सुमारे एक-चतुर्थांश एवढा भाग सुरक्षिततेच्या कारणास्तव जाळ्यातून वगळला किंवा त्याचा दर्जा बदलला. तो निर्णय प्रामाणिक होता. त्याचा अर्थ एवढाच की रस्त्यांच्या आधाराने हे जाळे पुरे होणार नाही. दुवे हवे असतील तर ते शेतांच्या कडेने आणि रानांतून जाणाऱ्या वाटांवरच शोधावे लागतील.

रानांचा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि इथे सरसकट उत्तर चालणार नाही. चिल्टर्नमधील बीचची राने घ्या. हाय विकमच्या खुर्च्यांच्या उद्योगासाठी इथले लाकूड पिढ्यान्‌पिढ्या तोडले आणि पुन्हा वाढवले गेले; ही राने म्हणजे माणसाने वावरून घडवलेला प्रदेश आहे. लाकडाची ने-आण करण्यासाठी त्यांत रुंद, खडी घातलेल्या वाटा आहेत. त्यांवरून अवजड ट्रॅक्टर जातो, मालकाची मोटार जाते, आणि तीच वाट नकाशात पायवाट असेल तर सायकलला मात्र मनाई असते. या मनाईने जमिनीचे कोणते रक्षण होते, हे मला कोणी पटवून देऊ शकलेले नाही. याच्या उलट एप्रिलच्या अखेरीस त्याच झाडांखाली ब्लूबेलच्या निळ्या फुलांचा सडा पडतो, तेव्हा वाटेच्या बाहेर एक चाकही जाऊ नये. जगातील या फुलांपैकी सुमारे निम्मी ब्रिटनमध्ये आहेत असा अंदाज आहे. त्यांची पाने तुडवली गेली की कंदाला अन्न मिळत नाही आणि तो ताटवा सावरायला वर्षे लागतात. न्यू फॉरेस्टमध्ये सायकलला केवळ खुणा केलेल्या खडीच्या वाटांवर परवानगी आहे. त्या निर्बंधावर पुष्कळ सायकलस्वार नाराज असतात, मी नाही. तिथे मोकळे चरणारे घोडे आहेत, जमिनीवर घरटी करणारे पक्षी आहेत, पाय घातला तर रुतेल अशी दलदल आहे. कारण जिवंत आहे आणि डोळ्यांना दिसते, म्हणून निर्बंध मान्य होतो. माझा आक्षेप निर्बंधाला नाही. कारण नसलेल्या निर्बंधाला आहे.

पादचाऱ्यांच्या संघटनांचा विरोध हा या चर्चेतला सर्वांत वजनदार मुद्दा आहे. वाट मोकळी राहिली ती त्यांच्यामुळे, आणि सत्तरीच्या एखाद्या बाईंना मागून घंटी न वाजवता आलेल्या सायकलने दचकून पडावे लागले तर कोणत्याही हक्काची महती सांगून तिची भरपाई होत नाही. उतारावरून चिखल उडवत सुसाट जाणारे सायकलस्वार आहेत, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यांच्यासाठी वेगळ्या वाटा आखलेल्या उद्यानांची सोय अनेक ठिकाणी आहे, आणि बेदरकार माणूस आजही पिवळा बाण पाहून थांबत नाही. सध्याचा नियम थांबवतो तो नेमक्या त्या माणसाला, ज्याच्यापासून कोणाला धोका नाही: नियम पाळणाऱ्या, हळू जाणाऱ्या, घंटी वाजवून, पाय टेकून, ‘गुड मॉर्निंग’ म्हणून पुढे जाणाऱ्या माणसाला. शिवाय ज्या अरुंद पायवाटांवर लाकडी पायऱ्यांचे कुंपण ओलांडावे लागते, तिथे सामान लादलेली सायकल घेऊन कोणी हौसेने जाणार नाही. गजबजलेल्या, अरुंद किंवा निसरड्या वाटा स्थानिक पातळीवर वगळता येतील. फक्त वगळण्याचे कारण सांगावे लागेल. आज उलट आहे. आज खुली करण्यासाठी कारण शोधावे लागते, आणि तेही बहुधा अठराव्या शतकातल्या एखाद्या जमीनवाटपाच्या नकाशात घोड्याच्या वापराचा पुरावा सापडला तरच.

स्कॉटलंडने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तिथल्या २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने बहुतेक सर्व जमिनीवर, मोटारवाहन न वापरता, जबाबदारीने फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आणि त्यात सायकलस्वार स्पष्टपणे समाविष्ट आहेत. घराभोवतालची बाग, उभे पीक यांना संरक्षण आहे; वर्तनाची संहिता आहे; हक्क बेजबाबदारपणे वापरला तर तो हक्क उरत नाही. या कायद्यालाही वीस वर्षे उलटून गेली आहेत आणि स्कॉटलंडची शेती किंवा पदभ्रमण त्यामुळे बुडालेले नाही. स्कॉटलंडमध्ये माणसे विरळ आणि माळ मोठे, तर दक्षिण इंग्लंड दाट वस्तीचे, हा फरक मला मान्य आहे. म्हणूनच मी तिथला पूर्ण हक्क जसाच्या तसा मागत नाही. आधीच सार्वजनिक असलेल्या, आधीच नकाशावर असलेल्या वाटांपुरतेच माझे म्हणणे आहे. जमीनमालकांची अपघाताच्या जबाबदारीविषयीची भीती रास्त आहे, आणि तिचे उत्तरही कायद्यात तयार आहे: ग्रामीण भाग आणि वाटांचे हक्क यांविषयीच्या २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळांवर पादचाऱ्यांना प्रवेश दिला तेव्हा नैसर्गिक उंचवटे-खड्ड्यांमुळे होणाऱ्या अपघातांची मालकाची जबाबदारी काढून टाकली. तीच सवलत इथे द्यावी.

या साऱ्याचा आणखी एक पैलू आहे, तो बाहेरून येऊन इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माणसांचा. रेडिंग, स्लाउ या पट्ट्यात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. रिजवेच्या पायथ्याजवळच्या स्विंडनमध्ये गोव्याहून आलेल्यांची मोठी वस्ती आहे. यांच्या दारापासून तासाभराच्या अंतरावर ही राने आणि टेकड्या आहेत, तरी बहुतेकांचे तिथले फिरणे मोटार उभी करण्याच्या जागेपासून एखाद्या वाड्यापर्यंत किंवा तळ्यापर्यंत आणि परत एवढेच असते. हा आळस नव्हे. इथल्या माणसाला बाणांचे रंग, नकाशावरच्या हिरव्या तुटक रेषांची लांबी, कोणत्या फाटकातून जावे आणि कोणत्या नाही, हे ज्ञान आई-वडिलांबरोबर फिरताना मिळालेले असते. ज्याला ते मिळाले नाही, आणि ज्याला कुणी अनोळखी माणसाने ‘इथे तुम्हाला हक्क नाही’ असे सुनावले तर त्याचे घाव इतरांहून खोल जातात, तो त्या फाटकापाशीच मागे वळतो. नियम सोपा असणे ही अशा माणसांसाठी सोय नसते, प्रवेशच असतो. रुंद आणि टणक वाट दिसली तर सावकाश जा, पायी चालणाऱ्याला आधी वाट दे, मनाईची पाटी असेल तर तिथे लिहिलेले कारण वाच: एवढा नियम कोणीही पहिल्या दिवशी शिकू शकतो.

वाटांच्या हक्कांविषयीच्या २००० सालच्या त्याच कायद्याने जुन्या, नकाशावर न आलेल्या वाटांची नोंद करण्यासाठी २०२६ ही अखेरची मुदत घातली होती; पुढे ती २०३१ पर्यंत वाढवली गेली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने ती मुदतच रद्द करण्याचा मनोदय जाहीर केला. हे चांगलेच झाले. परंतु एकेका वाटेसाठी दफ्तरे धुंडाळून, सुनावण्या लढवून तिचा दर्जा वाढवून घेण्याच्या कामात स्वयंसेवकांची उमेदीची वर्षे जातात आणि काउंटी कौन्सिलांकडे अर्जांचा ढीग साचून राहतो. संसदेने वाटांचा कायदा पुन्हा हाती घ्यावाच, तर केवळ मुदत काढून थांबू नये. ज्या पायवाटा शेताच्या किंवा रानाच्या गाडीवाटेवरून जातात, जिथे चारचाकी वाहन आजही जाते, तेवढ्या वाटा एका कलमाने सायकलला खुल्या कराव्यात. पादचाऱ्यांचा अग्रहक्क १९६८ प्रमाणेच कायम ठेवावा. पक्ष्यांच्या विणीच्या हंगामात किंवा ब्लूबेलच्या आठवड्यांत वाट बंद करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला द्यावा. आणि या वाटांना जोडणाऱ्या एकपदरी ग्रामीण रस्त्यांची मर्यादा ताशी ६० मैलांवरून निम्म्यावर आणावी. यांपैकी शेवटच्या कामासाठी नवी वाट बांधावी लागत नाही की जमीन घ्यावी लागत नाही, आणि सुरुवात तिथूनच करता येईल.